अर्जातील विषय आणि मनातील विषय

विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात एक रकाना असतो. कोणत्या विद्याशाखेत, कोणत्या विषयासाठी प्रवेश हवा, ते तेथे लिहावयाचे असते. जात, धर्म, उत्पन्न या रकान्यांविषयी आपल्या समाजात पुष्कळ चर्चा झाली आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावे तर सवलतीचे काय, या विवंचनेत एक अख्खी पिढी होती. १९९० साली केंद्राच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या आणि तो प्रश्न पुष्कळसा मिटला. विषयाच्या रकान्याकडे मात्र नैतिक प्रश्न म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. गुण कोठे कमी लागतात, जागा कोठे रिकाम्या राहतात, शिष्यवृत्ती कोठे आहे, एवढे पाहून तो भरला जातो. जो विषय शिकावयाचे मनात नाही तो अर्जात लिहून विद्यापीठात शिरणे हे असत्य आहे काय? असल्यास त्याचा दोष कोणाकडे किती जातो? धम्म मानणाऱ्याने याचा विचार करावा असे मला वाटते.

हा प्रश्न माझ्यासमोर पुस्तकातून आलेला नाही. मी माध्यमिक शाळेत शिकवितो. हाताखालून गेलेली मुले पदवी झाली की सल्ल्याला येतात. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार ऐकावयास मिळतो, "सर, एम. ए. पालीला अर्ज टाकू का? तिथे जागा असते. वसतिगृहाची खोली मिळेल. अभ्यास मात्र राज्यसेवेचाच करीन." विचारणारा मुलगा लबाड नसतो. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या शेतावर. शहरात कॉटचे भाडे, खानावळ आणि अभ्यासिकेची फी मिळून जो आकडा होतो तो त्या घरात महिन्याकाठी एकत्र कधी दिसत नाही. वसतिगृह विद्यार्थ्यालाच मिळते. ज्यांना वसतिगृह मिळाले नाही अशा अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, तिलाही कोठे तरी प्रवेश घेतलेला असावा लागतो. म्हणजे डोक्यावर छप्पर हवे तर विद्यार्थी असले पाहिजे, आणि विद्यार्थी व्हावयाचे तर एखादा विषय लिहिला पाहिजे. मग जो विषय सहज मिळतो तो लिहिला जातो.

हे केवळ गरिबाच्याच घरी घडते असे समजू नये. आपल्यातील जी थोडी कुटुंबे वर आली, त्यांची मुले आता अमेरिकेतील विद्यापीठांत अर्ज करतात. तेथे पुष्कळ ठिकाणी नुसत्या विद्यापीठात अर्ज करून भागत नाही. कॉर्नेलसारख्या विद्यापीठात त्यातील एखादे महाविद्यालय निवडावे लागते. कोलंबियात पदवीपूर्व विद्यार्थ्याला कोलंबिया कॉलेजात की अभियांत्रिकी शाळेत, हे आधी ठरवावे लागते. संगणकशास्त्राला झुंबड, तर अभिजात भाषांना किंवा मृदाशास्त्राला अर्ज थोडे. तेव्हा पैसे घेऊन अर्ज भरून देणारे सल्लागार सांगतात की सोपे दार पाहा, आत गेल्यावर विषय बदलून घेता येईल. बर्कलीच्या विद्यापीठात पूर्वी साहित्य-विज्ञान महाविद्यालयात प्रवेश घेऊन, प्राथमिक पाठांत ठराविक श्रेणी मिळविली की संगणकशास्त्र हा मुख्य विषय जाहीर करता येत असे. २०२३ च्या प्रवेशापासून तो विषय अर्जातच मागावा लागतो, मागाहून मिळविणे फार अवघड झाले. याचे मुख्य कारण गर्दी हे आहे. पण शिरून मग वळण्याच्या सल्ल्याने त्या गर्दीत भर पडली असणार हे उघड आहे. दार बंद झाल्यावर नुकसान कोणाचे झाले? सल्लागार ठेवणाऱ्याचे फारसे नाही. जो मुलगा खरोखर इतिहास शिकावयास आला आणि पहिल्या वर्षी संगणकाच्या वर्गात बसून त्याला उमगले की आपले मन येथे आहे, त्याचे झाले. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अर्जात 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द आले आहेत, तेव्हा ही चर्चा परक्याची म्हणून सोडून देता येणार नाही.

या वागणुकीच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद ऐकू येतात. पहिला, 'सगळेच करतात'. त्याला उत्तर देण्याचे कारण नाही. दुसरा मात्र वजनदार आहे. मुलगा म्हणतो, "पालीच्या वर्गात जागा रिकाम्याच राहतात. मी कोणाच्या ताटातले घेतले?" खोट्या जातीच्या दाखल्यावर राखीव जागा बळकावणारा दुसऱ्याचा घास घेतो. त्याविरुद्ध आपण लढतो, महाराष्ट्रात दाखल्यांच्या पडताळणीचा २००१ चा कायदाही आहे. पण रिकाम्या बाकावर बसणाऱ्याने कोणाचे काय हिरावले? कायदा तर त्याने मोडलेला नाहीच.

बुद्धाने कर्माचे मूळ चेतनेत पाहिले, हे आपण सर्व जाणतो. त्या न्यायाने पाहिले तर अर्जावर लिहिलेला शब्द एक आणि मनातला शब्द दुसरा, हे चौथ्या शीलाच्या कक्षेत येतेच. परंतु एवढे म्हणून थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्याच्या पोटात दोन वेळचे पडते त्याने उपाशी माणसाला शील शिकविणे फार सोपे असते. म्हणून तथागतांनी प्रत्यक्ष असे प्रकरण समोर आल्यावर काय केले, ते पाहिले पाहिजे. सुदैवाने विनयपिटकाच्या महावग्गात अशी प्रकरणे नोंदलेली आहेत.

राजगृहात भिक्षूंना उत्तम भोजनाची आमंत्रणे पाळीपाळीने मिळत होती. एका ब्राह्मणाने ते पाहिले, आणि हे श्रमण सुखाने खातात-पितात, सुखाने झोपतात, आपणही यांच्यात जावे, असे मनाशी ठरवून त्याने प्रव्रज्या मागितली. ती त्याला मिळाली. पुढे आमंत्रणांची पाळी संपली. भिक्षू म्हणाले, चल, भिक्षेला जाऊ. तो म्हणाला, मी भिक्षा मागण्यासाठी आलो नव्हतो, तुम्ही द्याल तर खाईन, न द्याल तर संघ सोडून जाईन. पोटासाठी आलास काय, असे भिक्षूंनी विचारले तेव्हा त्याने सरळ 'होय' म्हटले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हा मनुष्य वसतिगृहासाठी प्रवेश घेऊन आला होता.

भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली, परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी संघासाठी नियम केला की उपसंपदा देताना चार निश्रय सांगावेत. भिक्षेचे अन्न, चिंध्यांचे चीवर, झाडाखालचा निवारा आणि गोमूत्राचे औषध, यांवर हे जीवन उभे आहे, बाकी जे मिळेल ते अधिकचे. आमंत्रणाचे जेवण त्याज्य ठरविले नाही, ते 'अधिकचा लाभ' या सदरात घातले. पुढे एक तरुण आला. त्याला हे चार निश्रय आधीच सांगितले गेले. तो म्हणाला, मी आलो असतो, पण आता हे ऐकून नाही येणार. हे कळल्यावर भगवंतांनी नियम पुन्हा बदलला. निश्रय आधी सांगू नयेत, उपसंपदा झाल्याबरोबर सांगावेत.

हा दुसरा बदल मला फार मोलाचा वाटतो. वरवर पाहता तो सैल वाटेल. खरे पाहता त्यात माणसाची ओळख आहे. दारात उभा असलेल्याला आतल्या जीवनाची कल्पना नसते, तेव्हा दारातच त्याला भिववून परत लावण्यात काही अर्थ नाही. त्याला आत घ्या आणि लगेच सांगा की या घराचा पाया हा आहे. मग राहणे न राहणे त्याच्या हाती.

आणखी एक प्रकरण आहे, ते तर हुबेहूब आपल्या घरातले वाटावे असे आहे. राजगृहातच सतरा मुलांची एक टोळी होती, उपाली त्यांचा म्होरक्या. (विनयधर म्हणून प्रसिद्ध असलेला उपाली तो हा नव्हे.) त्याचे आईबाप विचार करीत बसले की आपल्यामागे हा सुखाने कसा जगेल? लेखन शिकवावे, तर बोटे दुखतील. हिशेब शिकवावा, तर छाती दुखेल. नाण्यांची पारख शिकवावी, तर डोळे दुखतील. त्यापेक्षा शाक्यपुत्रीय श्रमण सुखाने जगतात, त्यांच्यातच जाऊ द्यावे. तीन विद्याशाखा तपासून चौथीत अर्ज केला, तो असा! मुलाने हे बोलणे ऐकले, सवंगड्यांना सांगितले, आणि सतराही जणांना उपसंपदा मिळाली. पहाटे अंधारातच मुले उठली आणि पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. भगवंतांनी तो कोलाहल ऐकला. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. ज्यांनी त्यांना उपसंपदा दिली त्या भिक्षूंना दोष दिला, आणि वीस वर्षांच्या आतील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये असा नियम केला. कारणही दिले की त्या वयात थंडी-ऊन, भूक-तहान, कठोर शब्द सोसण्याची ताकद आलेली नसते.

या तिन्ही प्रकरणांत अर्जदाराचा हेतू विषयाचा नव्हता, आणि तिन्ही वेळा मुख्य सुधारणा संघाने आपल्या दाराशी केली. अर्जदार निर्दोष ठरतो असे मी म्हणत नाही. पण जे विद्यापीठ सतरा वर्षांच्या पोराकडून चार वर्षांचा विषय लिहून घेते आणि मागाहून वळावयास वाट ठेवीत नाही, त्या विद्यापीठाने खोट्या अर्जांबद्दल तक्रार करू नये.

येथे पहिल्या पिढीची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ज्याच्या घरात आजोबा वकील आणि आई प्राध्यापिका, त्याच्या कानांवर समाजशास्त्र, संख्याशास्त्र, भाषाविज्ञान हे शब्द जेवताना पडलेले असतात. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. अर्जाबरोबरच्या माहितीपत्रकात विषयांची यादी होती. इतिहास, भूगोल, मराठी कळले, कारण ते शाळेत होते. 'मानववंशशास्त्र' म्हणजे काय हे विचारावयास आमच्या वस्तीत कोणी नव्हते. मी इतिहास लिहिला, तो ओळखीचा होता म्हणून. त्याला निवड म्हणावे की नाही, मला ठरविता येत नाही. जे अनेक वाटा पाहून एक पसंत करतात त्यांची निवड, आणि जो एकच वाट ओळखतो त्याची निवड, या दोन्हींवर 'आवड' हा एकच शिक्का मारणे अन्यायाचे आहे. म्हणून पहिल्या पिढीच्या मुलाने विषय बदलला तर त्याला चंचल म्हणण्याची घाई कोणी करू नये. आत आल्यावर विषय कळला आणि मन वळले, यात असत्य कोठे आहे? अर्ज भरताना मनात दुसरेच होते आणि ते लपविले, तेथे असत्य आहे. हे दोन प्रकार बाहेरून सारखे दिसतात. कोणता कोणता, हे त्या मुलालाच ठाऊक असते.

काही तरुण बाबासाहेबांचा दाखला देतात. ते कोलंबियात अर्थशास्त्रासाठी गेले आणि जातीवर लिहून बसले, लंडनला अर्थशास्त्राबरोबर बॅरिस्टरीही केली. मग आम्ही एकाच्या नावाखाली दुसरे केले तर काय बिघडले? हा दाखला देणाऱ्यांनी ते चरित्र नीट वाचलेले नाही. मुळात विषय निवडण्याचा अधिकार बाबासाहेबांना शाळेतच नाकारला गेला होता. संस्कृत शिकावयाची इच्छा असता अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. असा मनुष्य पुढे आपल्या अर्जातील विषयाशी कसा वागला? १९१३ च्या जूनमध्ये त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला, तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि त्यानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या पाठांची जी मोजदाद उपलब्ध आहे तीत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ पाठ आहेत. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. म्हणजे जो विषय त्यांच्या काळजाला भिडलेला होता तो चार पाठांच्या विषयात मांडला गेला, आणि ज्या विषयाच्या नावावर ते गेले होते त्याला एकोणतीस पाठ दिले. १९१५ ची एम. ए. त्याच विषयाची. लंडनची १९२१ ची एम. एस्सी. आणि १९२३ ची डी. एस्सी.ही अर्थशास्त्राचीच, आणि तो रुपयावरील प्रबंध आजही अभ्यासक वाचतात. ग्रेज इनचा अभ्यास त्याच्या जोडीला उघडपणे चालला, त्याच्या आड नव्हे. बडोद्याचा करार पुरा झाला नाही हे खरे. पण १९१७ साली तेथे नोकरीवर गेलेल्या या विद्वानाला राहावयास घर मिळाले नाही आणि हाकलून दिले गेले. तो दोष कोणाचा, हे या पानांच्या वाचकाला सांगावयास नको.

पालीविषयी बोलत आहोत म्हणून त्याच सयाजीराव महाराजांचा दुसरा प्रसंग सांगण्याजोगा आहे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडले, सिंहल आणि ब्रह्मदेशापर्यंत जाऊन पाली शिकले, आणि कलकत्ता विद्यापीठात अडीचशे रुपयांवर शिकवू लागले. महाराजांनी त्यांना महाराष्ट्रात राहिल्यास दरमहा पन्नास रुपये देऊ केले, अट एवढीच की वर्षाला एक पुस्तक लिहावे. त्यांनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. पुढे १९१२ ते १९१८ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. मराठीतून बुद्ध वाचता येतो याचे पुष्कळसे श्रेय या व्यवहाराला आहे. आणि बाबासाहेबांनी कोणत्याही पदवीसाठी नाव न घालता पालीचे व्याकरण आणि कोश रचण्याचे काम हाती घेतले होते, ते त्यांच्या पश्चात शासनाने छापले.

त्या भाषेचा वर्ग आज कित्येकांना थांबण्याची जागा वाटतो. 'मी कोणाच्या ताटातले घेतले?' या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. हजेरीपटावर वीस नावे आणि बाकावर तीन मुले, अशा वर्गात शिकविणाऱ्याचे मन मरते. त्या तिघांना चर्चेला सोबती मिळत नाही. विषय घेणारे आहेत असे कागद सांगतो, आणि दहा वर्षांनी त्या विषयाचा शिक्षक शोधू गेले तर सापडत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पाली हा ऐच्छिक विषय होता, गुण सुटसुटीत मिळतात म्हणून पुष्कळांचे त्याकडे लक्ष असे. २०१३ साली तो वगळला गेला. जे केवळ गुणांसाठी आले होते त्यांना मग त्या भाषेचे काय प्रयोजन उरले? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले असतील तर चांगलेच झाले, पण दर्जा मिळालेली भाषा वाचणार कोण?

मग त्या गवंड्याच्या पोराला मी काय सांगावे? अर्ज करू नकोस, असे मी सांगत नाही. आमंत्रणाचे जेवण हा अधिकचा लाभ आहे, त्याला विनयाने मज्जाव केलेला नाही. खोली हवी म्हणून पालीला आलास तर ये. पण अर्ज भरण्यापूर्वी आम्ही दोघे अभ्यासक्रम उघडून बसतो. त्यात काय नेमले आहे, व्याकरण किती, मूळ उतारे किती, हे पाहतो. धम्मपदाची दोन-तीन गाथांची फोड करून पाहतो. वंदनेत पाठ म्हटलेल्या शब्दांना विभक्ती आहेत हे पाहून काही मुले चकित होतात. मग सांगतो की रोज दोन तास या विषयाचे, उरलेला वेळ राज्यसेवेचा, हे जमत असेल तर सही कर. एक जण म्हणाला, सर, दोन तास नाही जमणार, आणि अर्ज न भरता गेला. त्याच्याविषयी मला आदर वाटला, आणि तो आता कोठे राहील ही काळजीही वाटली. ती काळजी माझ्या उपदेशाने सुटणारी नव्हती.

तिच्यासाठी दुसरीकडे बोट दाखवावे लागते. स्पर्धा परीक्षेची तयारी हेही एक काम आहे असे मान्य करून त्या मुलांना प्रवेशाच्या पावतीवाचून निवारा मिळाला पाहिजे. बार्टीसारखी संस्था प्रशिक्षण देते, तिच्या जागा मोजक्या आहेत. समाजकल्याण खात्याने वसतिगृहांत काही खोल्या अशा मुलांच्या नावाने उघडपणे ठेवल्या, तर कित्येकांना पालीच्या, तत्त्वज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या आड लपावे लागणार नाही. विद्यापीठांनी पदवीचे पहिले वर्ष विषयावाचून ठेवावे आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभी तो रकाना भरून घ्यावा. पाली विभागांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्व नव्या मुलांना बसवून, घाबरविल्याशिवाय पण काही न लपविता, या विषयाचे चार निश्रय कोणते ते सांगावे. एवढे करावयास नवा कायदा लागत नाही, एक तास आणि एक वर्ग लागतो.